आयसीयूत बेशुद्ध माणसाशी दहा मिनिटं बोलायचं तरी काय?

महालातला_धाकटा | रविवार, रात्री ११.५२

लिहू की नको करत तीन दिवस झाले, आज लिहूनच टाकतो.

माझा मोठा भाऊ, वय ४६. उमरेड रोडवर गाडी घसरली. हेल्मेट होतं, पण आरशाला टांगलेलं. मेंदूत रक्तस्राव, त्याच रात्री ऑपरेशन. आज अकरावा दिवस. नागपुरात धंतोलीतल्या एका हॉस्पिटलच्या आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहे, डोळे उघडत नाही. कवटीचा एक तुकडा काढून पोटाच्या चामडीखाली ठेवलाय, मेंदूची सूज उतरली की परत बसवणार म्हणतात. डोक्याच्या पट्टीवर मार्करनं लिहिलंय "इथे हाड नाही". पहिल्या दिवशी ते वाचलं आणि बाहेर येऊन जिन्यातच बसलो. आईला तर अजून अपघाताचंच सांगितलं नाही, ऑफिसच्या कामानं मुंबईला गेलाय म्हणून सांगितलं आहे.

भेटायची वेळ सकाळी ११ आणि संध्याकाळी ६, एका वेळी एकच माणूस, दहा मिनिटं. पहिल्या मिनिटाला मी "दादा, मी आलो" म्हणतो आणि मग नऊ मिनिटं मॉनिटरकडे पाहत उभा राहतो. बाजूच्या बेडवर सिस्टर काम करून राहिल्या असतात, त्यांच्यासमोर एकट्यानेच बडबडायला लाज वाटते. आम्ही भाऊ तसेही बोलणारे नाही. वर्षभराचं आमचं बोलणं म्हणजे गाडीचं सर्व्हिसिंग, कूलर आणि आईच्या गोळ्या, बस. वहिनी चौथ्या दिवसापासून आत जातच नाही, म्हणते तिथे मला हे दिसत नाहीत, नळ्या दिसतात.

तर प्रश्न एवढाच. त्याला ऐकू येत असेल का? आणि तुम्ही काय बोलला होतात? ज्यांच्या घरी असं होऊन गेलंय त्यांनीच सांगा, "देवावर विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल" वाल्यांनी माफ करा, ते दिवसभर फोनवर ऐकतोच आहे.

---

तर्री_मारके | रविवार, रात्री १२.०८

भाऊ, आधी एक सांग, जेवून राहिला की नाही? आमचे बाबा असेच १६ दिवस होते. सकाळी चौकात जाऊन तर्री पोहे हाणत जा, उपाशी बसल्यानं भाऊ लवकर उठत नाही.

बोलण्याचं म्हणशील तर मी बाबांना रोज पेपर वाचून दाखवायचो, निधन वार्तांसकट. नंतर सिस्टरनं हळूच सांगितलं की ते पान वगळत जा.

---

नाईटड्यूटी | सोमवार, पहाटे ४.२०

मी आयसीयूत सिस्टर आहे, नागपुरातच, १४ वर्षं झाली. आत्ता ब्रेकमध्ये आहे म्हणून लिहिते.

दादा, तुम्ही आमची लाज वाटते म्हणता, अहो आम्ही तर दिवसभर त्यांच्याशीच बोलतो. कूस बदलताना "काका, आता डाव्या अंगावर घेतो हं", सक्शन करताना, म्हणजे नळीतून कफ ओढून काढताना, "थोडा ठसका येईल, दोन मिनिटं", तोंड पुसताना, स्पंज करताना. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते नाहीतर पाठीला जखमा होतात, म्हणजे दिवसात बारा वेळा तर एवढंच बोलणं झालं. कोणी उत्तर देत नाही, तरी बोलतो. तुम्ही बोललात तर आमच्यातलं कोणी हसणार नाही, उलट जो नातेवाईक नुसता मॉनिटर पाहतो त्याची आम्हाला जास्त काळजी वाटते. मॉनिटर पाहायला आम्ही आहोत.

मी नातेवाइकांना सांगते ते असं. जवळ जाऊन आधी नाव घ्या, मग तुम्ही कोण ते सांगा, आज वार कोणता, सकाळ आहे की संध्याकाळ ते सांगा, आतमध्ये दिवस-रात्र कळतच नाही. हात हातात घ्या, सॅनिटायझर लावून. "मला ओळखलं का", "डोळे उघड ना", "बोट हलव ना" हे लावून धरू नका, ती परीक्षा घ्यायला डॉक्टर आहेत. आणि बिल, जमीन, कोण भेटायला आलं नाही, हे त्यांच्या उशाशी बोलू नका. त्यासाठी जिना आहे.

ऐकू येतं की नाही हे मी सांगू शकत नाही. काहींनी उठल्यावर माझा आवाज ओळखला, काहींना महिनाभरातलं काहीच आठवत नव्हतं.

---

तर्ककर्कश | सोमवार, सकाळी ९.१५

सिस्टरबाईंच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण "आवाज ओळखला" हे जरा जपून घ्या. माणूस हळूहळू शुद्धीवर येतो, दोन-तीन दिवस धूसर असतात, त्या काळात ऐकलेला आवाज ओळखीचा वाटणारच. ज्यांना आठवत नाही ते किस्से सांगत नाहीत, म्हणून आपल्यापर्यंत एकाच प्रकारचे किस्से पोचतात. धागाकर्त्याला खोटी आशा देऊ नये असं मला वाटतं. माझ्या सासऱ्यांच्या वेळी "आज बोट हलवलं" या एका वाक्यावर सगळं घर चार दिवस जगलं आणि पाचव्या दिवशी कोसळलं. ती नुसती रिफ्लेक्स होती.

---

तर्री_मारके | सोमवार, सकाळी ९.३१

पुण्याहून सकाळी सकाळी थंड पाण्याची बादली आली. नागपुरात नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू आहे, चालून जाईल.

---

काटोलकर | सोमवार, दुपारी २.४०

मी तिकडून बोलून राहिलो भाऊ. म्हणजे बेडवर मी होतो.

पाच वर्षं झाले. पावसाळ्यात वावरातल्या खोलीत खाली अंथरून झोपलो होतो, रात्री काही तरी चावलं, मुंगळा असन म्हणून झोपून गेलो. पहाटे पोटात दुखायला लागलं, मंग पापण्याच उचलेना. मण्यार साप होता. तालुक्याच्या दवाखान्यातून नागपूरले मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात आणलं तवरोक श्वास बंद होत आला होता. पाच दिवस मशीनवर. ना हात हलत होता, ना पापणी, ना जीभ. बायको सांगते की माणूस मेल्यावानी दिसत होता.

अन् मले सगळं आयकू येत होतं. सगळं. काका म्हणे, "घरी नेऊन टाका, इथं पैसे अन् माणसं कायले गुंतवता." तेही आयकलं. काका अजून जिवंत आहे, मी कधी काढून दाखवलं नाही, पण दिवाळीले गेलो की चहा थोडा कमीच पेतो त्याच्या घरी.

माहं पोरगं तवा दहावीत होतं. ते रोज संध्याकाळी येऊन सांगे, बाबा आज पाणी आलं, बाबा मोटर दुरुस्त झाली. एक दिवस म्हणे, बाबा, व्यापारी आला होता, आंबियाचा संत्रा बगीचा एवढ्याले मागून राहिला, देऊन टाकू का? अरे बाप्पा! इतका कमी भाव! मले आतून वरडावं वाटे, देऊ नको बे! पण पापणी हलन तर ना. रात्रभर तोच हिशोब करत पडलो होतो. बोटं हलायला लागली तवा सिस्टरनं पाटी-पेन्सिल दिली, अन् मी पहिलं काय लिहिलं असन? "बगीचा दिला का?" बायको अजून बोलते त्याच्यावर, माहं नाव नाही लिहिलं म्हणून.

दिला नव्हता.

म्हणून सांगतो, बोलत जा. पण भाव बरोबर सांगत जा.

---

बर्डीवाली | सोमवार, दुपारी ३.०२

काटोलकर भाऊ, हसू की रडू समजून नाही राहिलं 😭

---

तर्ककर्कश | सोमवार, दुपारी ४.१०

जबरदस्त अनुभव. पण हा कोमा नव्हे. मण्यारच्या विषानं नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप बंद पडतो, मेंदू जागाच असतो. धागाकर्त्याच्या भावाच्या मेंदूलाच मार आहे. दोन्हींची गल्लत करू नये.

---

काटोलकर | सोमवार, दुपारी ४.२५

ते मले आता समजते भाऊ. पण भाईर जिन्यात बसलेल्या माणसाले कुठी समजत होतं कोण कोणत्या जातीचं झोपलं आहे. त्याहीले तर सारखंच दिसते.

---

भूलवाला_डॉक्टर | सोमवार, रात्री १०.०५

भूलतज्ज्ञ आहे, वीसेक वर्षं आयसीयूतच गेली. दोघंही बरोबर आहेत. मण्यारच्या पेशंटमध्ये डोळ्याच्या बाहुल्यासुद्धा हलत नाहीत, नवख्या डॉक्टरला ब्रेन डेड वाटावा असं चित्र असतं, म्हणूनच तिथे घाई करायची नसते.

महालातला_धाकटा, उद्या डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: झोपेचं औषध चालू आहे का? व्हेंटिलेटरवरच्या पुष्कळ पेशंटना आम्हीच झोपवून ठेवतो. ते औषध थांबवून मग काय दिसतं, त्यावरून अंदाज बांधायचा असतो. दुसरा प्रश्न, जीसीएस (ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे शुद्धीचे मार्क) किती? तुमच्या कागदावर "ई१ व्हीटी एम३" असलं काहीतरी असेल.

ही पद्धत ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या न्यूरोसर्जननी १९७४ साली काढली. डोळे उघडण्याचे (ई) ४ मार्क, बोलण्याचे (व्ही) ५, हालचालीचे (एम) ६, एकूण १५. आठ किंवा कमी म्हणजे साधारण कोमा. घशात नळी असली की बोलणं तपासता येत नाही म्हणून मार्काऐवजी टी लिहितात. घरच्यांनी लक्ष ठेवायचं ते एमवर. एम३ म्हणजे दुखवलं की हात नुसता आखडतो. एम४ म्हणजे दुखतंय तिथून हात मागे घेतो. एम५ म्हणजे जिथे दुखतंय तिथे हात नेऊन बाजूला सारायला पाहतो, याच्यात मेंदूचं काम बरंच जास्त असतं. एम६ म्हणजे सांगितलं ते करतो. "बोट हलवलं" याला त्यामुळे एकट्याला अर्थ नसतो. कोणत्या कारणानं हलवलं हे पाहायचं.

आणखी एक, आत्ताच सांगून ठेवतो. पुढच्या काही दिवसांत डोळे उघडतील कदाचित. ते पाहून पेढे वाटू नका. कोमा सहसा काही आठवड्यांच्या पलीकडे कोमा राहत नाही, माणूस एक तर जागा होऊ लागतो, नाहीतर जातो, नाहीतर डोळे उघडे पण भान नाही अशा अवस्थेत जातो. डोळे उघडणं आणि जाग येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ऐकण्याबद्दल. २००६ साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी अपघातानंतर पाच महिने भान नसलेल्या एका २३ वर्षांच्या मुलीला स्कॅनमध्ये सांगितलं, टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर. निरोगी माणसाच्या मेंदूत जो भाग उजळतो तोच तिच्या मेंदूत उजळला. २०२४ मध्ये काही देशांतल्या केंद्रांनी मिळून काम छापलं, सांगितलेलं काहीच न करणाऱ्या २४१ पेशंटपैकी ६० जणांच्या मेंदूनं मात्र सूचना पाळल्याचं दिसलं. यातले बहुतेक जण दुखापतीला बरेच महिने झालेले होते, तुमच्या भावासारखे अकराव्या दिवसाचे नव्हेत, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे त्याला लावू नका. पण मी स्वतः त्या २४१ नंतर पेशंटच्या बेडशी क्रिकेटचा स्कोअर विचारणं बंद केलं.

---

तर्री_मारके | सोमवार, रात्री १०.२०

एक मिनिट डॉक्टर. डोळ्यांचा कमीत कमी १, बोलण्याचा १, हालचालीचा १. म्हणजे कोरा पेपर दिला तरी ३ मार्क? आमच्या विद्यापीठात ही पद्धत का नव्हती?

---

भूलवाला_डॉक्टर | सोमवार, रात्री १०.२४

हो, शून्य नसतोच. आमच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना व्हायव्हात हाच प्रश्न विचारतो.

---

महालातला_धाकटा | मंगळवार, रात्री ११.१०

सगळ्यांचे आभार. विचारलं. झोपेचं औषध शनिवारीच बंद केलंय. ई१ व्हीटी एम४. कालपर्यंत एम३ होतं म्हणे, मला कोणी सांगितलंच नव्हतं. काउन्सेलिंगमध्ये रोज एकच वाक्य, "क्रिटिकल बट स्टेबल".

काटोलकर भाऊ, तुमची पोस्ट वहिनीला वाचून दाखवली. बारा दिवसांत पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, यांनी पण उठल्यावर बगीच्यासारखं गाडीचंच विचारलं तर मी घरी निघून जाईन.

दुसरा प्रश्न आला आहे. खातं फक्त दादाच्या नावावर. नॉमिनी वहिनी आहे, पण बँक म्हणते सही आणा. बेशुद्ध माणसाची सही कुठून आणू? इथे रोज रात्री दोन-अडीचला वॉचमन आवाज देतो, "सात नंबर के नातेवाईक!" आणि हातात औषधांची चिठ्ठी. गेल्या बारा दिवसांत मला झोपेत पण सात नंबर ऐकू येऊन राहिलं.

---

तर्री_मारके | मंगळवार, रात्री ११.२२

"क्रिटिकल बट स्टेबल" वर आमचा काका म्हणायचा, नागपूरचा उन्हाळा पण तसाच असते. ४५ वर स्टेबल.

---

सिव्हिललाईन्सचा_काळाकोट | बुधवार, सकाळी ८.४५

वकील आहे, नागपूर खंडपीठात काम करते. हा प्रश्न दर दोन-चार महिन्यांनी येतोच माझ्याकडे, म्हणून सविस्तर.

नॉमिनीचा हक्क खातेदार गेल्यावर सुरू होतो. तो जिवंत असताना नॉमिनीला एक रुपयाही काढता येत नाही. आधी केलेलं मुखत्यारपत्र असेल तरी माणसाचं भान गेल्यावर त्यावर विसंबता येत नाही. जॉइंट खातं "दोघांपैकी कोणीही" असं असेल तर प्रश्नच नाही, पण तुमचं तसं दिसत नाही. अंगठ्याचा ठसा घेण्याची सोय आहे, ती हात न चालणाऱ्या पण समजणाऱ्या माणसासाठी, बेशुद्ध माणसाचा अंगठा धरून ठसा उठवायला जाऊ नका, नंतर दादाच्याच नातेवाइकांपैकी कोणी तक्रार केली तर वहिनी अडचणीत येतील. पिन माहीत आहे म्हणून एटीएममधून काढत राहणं, करतात सगळेच, मी लिहून सल्ला देणार नाही.

अल्पवयीन मुलांसाठी पालक नेमण्याचा कायदा आहे, कोमातल्या माणसासाठी थेट असा कायदा आपल्याकडे नाही. म्हणून हायकोर्टात रिट याचिका करून पत्नीला पालक नेमून घ्यावं लागतं. केरळ हायकोर्टानं २०१९ मध्ये यासाठी काय काय तपासायचं ते ठरवून दिलं, आपल्या मुंबई हायकोर्टानंही असे आदेश दिले आहेत. डॉक्टरांचं प्रमाणपत्र, मिळकतीची यादी, बाकी वारसांची संमती लागते. आईची संमतीही लागेल, म्हणजे तुमची ती "मुंबईला गेलाय" ची गोष्ट फार दिवस चालणार नाही.

आणि रेशन कार्ड घेऊन हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र (सरकारी आरोग्य योजनेचा मदतनीस) आहे का विचारा. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कवच आहे, पण हॉस्पिटल योजनेत असायला हवं. नसेल तर निदान रोजचं बिल बाबवार लिहून मागा, तो तुमचा हक्क आहे, उपकार नाही.

---

बर्डीवाली | बुधवार, सकाळी ११.३०

एक बावळट प्रश्न विचारू का. कोमा आणि ब्रेन डेड एकच ना? आमच्या शेजारी म्हणत होते की मशीन काढली की संपलं, हॉस्पिटलवाले नुसतं बिल वाढवायला ठेवतात.

---

भूलवाला_डॉक्टर | बुधवार, दुपारी १.१५

बावळट नाही, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. एक नव्हेच. कोमात मेंदू जिवंत असतो, त्याचं काम बिघडलेलं असतं. सात नंबरवाल्या दादाला सक्शन करताना ठसका येतो, हात मागे घेतो, म्हणजे तो ब्रेन डेड नाही. ब्रेन डेथ म्हणजे मेंदूच्या देठासकट सगळं कायमचं थांबलं. आपल्याकडे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार ते चार डॉक्टरांनी तपासून ठरवायचं असतं, दोनदा, मध्ये किमान सहा तास ठेवून. मशीन थोडा वेळ थांबवून श्वास घेण्याची धडपड तरी होते का तेही पाहतात. तिथून कोणी परत येत नाही. "कोमातून उठला" च्या बातम्या असतात त्या ब्रेन डेडच्या नसतात.

---

सुना_गोठा | बुधवार, दुपारी १.४०

आमच्या घरी हे दुसरं झालं होतं. भाचा, २२ वर्षांचा. चार डॉक्टर, दोनदा, मधले सहा तास. ताईनं त्या सहा तासांत त्याची नखं कापली. अवयव दिले. इथे जास्त लिहीत नाही, धागा तुमच्या दादाचा आहे.

---

प्रतापनगरची_मावशी | बुधवार, रात्री ९.५०

मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कोणी धड दिलं नाही म्हणून लिहिते. काय बोललात.

आमच्या ह्यांना हार्ट अटॅक येऊन हृदय काही मिनिटं थांबलं होतं. डॉक्टर म्हणाले, तीन दिवस तरी काही विचारू नका, त्याआधी अंदाज सांगताच येत नाही. मग तीनाचे तेवीस झाले. शेवटी गेले.

पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांसारखीच, उठा हो, पोरांकडे पाहा हो, रामरक्षा म्हटली, जाऊबाईंनी टेकडीच्या गणपतीचा अंगारा आणला होता, सिस्टरनं कपाळाला लावू दिला नाही, प्लास्टिकच्या पुडीत घालून उशीखाली ठेवला. ताजबागच्या दर्ग्याचा धागा पण होता त्याच पुडीत. मग एक दिवस काय झालं माहीत नाही, बीपीच्या गोळ्यांची पाकिटं घरात सापडली, न फोडलेली. दोन महिन्यांची. मी तशीच हॉस्पिटलमध्ये गेले आणि त्या दहा मिनिटांत असं झापलं त्यांना! तीस वर्षांत झापलं नव्हतं तेवढं. शेजारचा वॉर्डबॉय बादली ठेवून उभा राहिला. मॉनिटरवर ठोके वाढले की नव्हते ते मी पाहिलं नाही, मी त्यांच्याकडे पाहत होते.

त्यानंतर बोलणं सुरू झालं खरं. गॅसचा नंबर लावला, तुमच्या मित्रानं पाच हजार परत केले, कूकरची शिटी गेली. रामरक्षेपेक्षा ते बरं वाटायचं मला, त्यांना काय वाटलं ते त्यांनाच ठाऊक.

वहिनीला ढकलू नका आत. जाईल तेव्हा जाईल.

---

तर्ककर्कश | बुधवार, रात्री १०.३०

मावशी, तुमच्या पोस्टवर माझ्याकडे काही मुद्दा नाही.

---

विदर्भ_एक्सप्रेस | गुरुवार, सकाळी ७.२०

थोडं कडू बोलतो. तेवीस, चाळीस, शंभर दिवस, कुठपर्यंत? मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये नर्स अरुणा शानबाग १९७३ ते २०१५ अशाच पडून होत्या, ४२ वर्षं. आम्ही आजोबांना चार महिने ठेवलं, शेत विकलं. त्यांनी स्वतः कधी म्हटलं असतं का की ठेवा? हे घरात आधीच बोलायला नको का?

---

सिव्हिललाईन्सचा_काळाकोट | गुरुवार, सकाळी ८.१०

म्हणूनच २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं उपचारांबद्दलच्या इच्छापत्राला (लिव्हिंग विल) मान्यता दिली, की मला असं झालं तर काय करा, काय नको. पहिली पद्धत फार किचकट होती, मॅजिस्ट्रेटपुढे जावं लागे. २०२३ मध्ये सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. अरुणा यांच्या बाबतीत २०११ मध्ये कोर्टानं दयामरणाची परवानगी नाकारली, कारण ज्या नर्सेसनी त्यांना इतकी वर्षं सांभाळलं त्या नको म्हणाल्या. ४२ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी घेणं म्हणजे काय ते नाईटड्यूटी सांगू शकतील.

पण विदर्भ_एक्सप्रेस, हा माणूस बाराव्या-चौदाव्या दिवसावर आहे, एम३ चा एम४ झालाय. हा विषय स्वतंत्र धाग्यात काढा, मी येते तिथे.

---

विदर्भ_एक्सप्रेस | गुरुवार, सकाळी ८.१८

मान्य. माफ करा धाकटे.

---

महालातला_धाकटा | रविवार, रात्री १०.४५

माफी कशाला, हे माझ्याही डोक्यात रोज येते, म्हणायची हिंमत होत नव्हती.

बरंच झालं आठवड्यात. घशाला भोक पाडून नळी बसवली, तोंडातली काढली. आम्ही घाबरलो होतो, पण आता चेहरा दिसतो त्याचा. दाढी पांढरी आलीय, आम्हाला माहीतच नव्हतं, तो रोज करायचा.

आईला सांगितलं. गुरुवारी रात्री. ती म्हणाली मला सोमवारीच समजलं होतं, तुम्ही दोघं चपला हळू काढत होते घरात शिरताना. शुक्रवारी तिला नेलं. ७८ वर्षांची आहे. गाऊन घालून आत गेली, सिस्टरनी मला पण पाच मिनिटं सोबत राहू दिलं. ना रडली ना काही. पहिलं म्हणाली, "याचे पाय काहून उघडे ठेवले? एसीत थंडी वाजत असन." चादर ओढली. मग डोक्यावरचं वाचलं, मोठ्यानं, पहिलीतल्यासारखं एकेक शब्द. इथे. हाड. नाही. मला विचारते, "मग कुठी आहे?" मी म्हटलं पोटात ठेवलंय, नंतर बसवतात. तर म्हणते, "म्हणजे आहे ना. हरवलं नाही."

आणि दादाचा हात धरून त्याला दहा मिनिटं फक्त गल्लीतल्या बातम्या सांगितल्या. कोणाच्या घरी पाणी आलं नाही, कोणाची सून माहेरी गेली. मी बाहेर येऊन विचारलं, तुला सुचलं कसं? म्हणते, तो लहानपणी गोवरात आठ दिवस पडला होता तेव्हा पण हेच सांगत होते.

---

नाईटड्यूटी | सोमवार, पहाटे ३.५५

आईंना माझा नमस्कार सांगा. पाय झाकायचं खरंच राहतं कधी कधी आमच्याकडून.

---

महालातला_धाकटा | मंगळवार, रात्री ११.३०

आज विसावा दिवस. वहिनी आत गेली. काय बोलली ते विचारलं नाही. बाहेर आली तेव्हा म्हणाली, कान साफ करायला पाहिजेत यांचे.

डोळे उघडून राहिला अधूनमधून. कुठे पाहत नाही, छताकडे. भूलवाले डॉक्टर, तुमचं आधीच वाचलं होतं म्हणून पेढे आणले नाहीत. पण आजच्या कागदावर ई४ व्हीटी एम५ आहे.

मी काय बोलतो तेही सांगून टाकतो. कूलर. घरच्या कूलरचा टुल्लू, म्हणजे पाणी वर चढवणारा छोटा पंप, परवा बंद पडला, ते दरवर्षी दादाच पाहतो, मला त्यातलं काही येत नाही. मी त्याला सांगत होतो की जाळी साफ केली, वायर पाहिली, नुसता घुर्र आवाज येऊन राहिला आणि पाणी वर चढतच नाही. सांगता सांगता त्याचा उजवा हात उठला, गळ्याकडे गेला. सिस्टर म्हणाल्या नळी टोचत असेल, तिकडे नेला. नळीकडेच नेला असेल.

---

तर्ककर्कश | मंगळवार, रात्री ११.४४

नळीकडेच. पण एम५ तो एम५. छान वाटलं वाचून.

---

काटोलकर | बुधवार, सकाळी ६.१०

टुल्लूनं हवा धरली असन भाऊ. पाण्यात पुरा बुडवून, आडवा करून हवा काढा, मंग चालू करा. हे त्याले आयकू येत असन तर बिचारा कवाचा वरडून राहिला असन आतून.

---

महालातला_धाकटा | बुधवार, सकाळी ९.०५

केलं. चढलं पाणी. कूलरच्या ताट्या पण बदलायच्या आहेत यंदा, वाळ्याच्या घ्यायच्या की साध्या, ११ ला जातो तेव्हा विचारतो त्याला, म्हणजे सांगतो.